सरोजची वाटी

पहाटे धूमकेतू आदळणार, आता उपाय नाही, असं टीव्हीवर तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी उठून शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

कपाटातून स्टीलची वाटी काढली. तिच्यावर नाव कोरलेलं: सौ. सरोज भिडे. सरोज समोरच्याच दारात राहते. अकरा वर्षांपूर्वी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आम्ही भांडलो, बोलणं तुटलं, आणि तिची वाटी माझ्याकडेच राहिली. शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची नसते, आणि भरून द्यायला माझं मन होईना.

वाटीत शिरा भरला आणि तिची बेल वाजवली. सरोजनं दार उघडलं.

"तुझी वाटी," मी म्हणाले.

तिनं उभ्यानंच एक घास खाल्ला आणि पदरानं डोळे पुसले.

"रिकाम्या हातानं कुठे निघालीस? आता ह्याच वाटीत दही लावते. सकाळी ये न्यायला."

खिडकीबाहेर संध्याकाळचं आभाळ भलतंच पांढरं झालं होतं. आम्ही तिकडे पाहिलं, मग एकमेकींकडे.

"येते," मी म्हणाले. "पण मागच्यासारखं आंबट करू नकोस."