तळ्याकाठचे तीन महिने

"समुद्रच बरा," ती म्हणाली. "ठकीला वाळूत खेळता येईल. उन्हाळाभर राहायचं म्हणजे मोकळी जागा हवी."

टेबलावर तीन माहितीपत्रकं पसरली होती. युरोपातले तीन देश आणि भाड्याची तीन घरं. एक समुद्राकाठी, एक डोंगरात, एक तळ्याकाठी. नवऱ्याने तिन्ही पत्रकं उलटसुलट करून पाहिली. तो लिफ्ट-तपासनीस होता. दोर, दार, ब्रेक स्वतः ओढून बघितल्याशिवाय तो कागदावर सही करायचा नाही, आणि घरातही त्याचा तोच खाक्या होता.

"समुद्रात काय आहे? मीठ!" तो म्हणाला. "तळ्याला जाऊ."

"अहो, पण तिथे डास असतील."

"तळं म्हटलं ना?"

तिने तोंड पाडलं. मनातून मात्र तिला नाचावंसं वाटत होतं. आपल्याला हवं ते मागितलं की मिळत नाही, हे ती लग्नानंतर आठवड्याभरातच शिकली होती. तिला तळंच हवं होतं. खरं तर तळ्याशीही तिला काही देणंघेणं नव्हतं, तिला तो देश हवा होता.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. भिंगांच्या कडा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, काड्या गिऱ्हाइकाच्या कानाला बेतून द्यायच्या. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. बोट दारात सापडलं, असं ती सांगायची. ते खरंही होतं. दार कुणी लावलं, ते मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

एका बाईने विचारलं. त्या वकील होत्या आणि वाचायचा चष्मा करायला आल्या होत्या. नवरा रोज तिचा फोन तपासायचा, तिच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला पाठ होत्या. म्हणून मग वकीलबाईच पुन्हा पुन्हा गिऱ्हाईक होऊन येऊ लागल्या. नंबर तपासता तपासता बोलणं व्हायचं. शाळा सुटल्यावर ठकीही दुकानात असायची. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तक्त्यावरची अक्षरं शेवटून पहिल्यापर्यंत घडाघडा म्हणायची. पोर सहा वर्षांची, पण एकदा कानावर पडलेलं विसरायची नाही.

"इथे भांडून पदरात काही पडणार नाही," वकीलबाई चाचणीची जाड फ्रेम नाकावर सांभाळत म्हणाल्या होत्या. "घर त्यांचं, ओळखी त्यांच्या. मुलगी त्यांनाच मिळेल. त्या देशात मात्र तसं नाही. दोघांच्या सहीने मूल तिथे गेलं आणि तिथल्या शाळेत बसलं, की कोर्ट त्याला परत पाठवत नाही. जवळ जो असेल त्याच्याकडेच मूल राहतं. मागे राहिलेल्याने मग कितीही डोकं आपटावं."

"आणि त्यांनी तिथे येऊन उचलून नेलं तर?"

"नेता येणार नाही. ही खालची ओळ पुसट दिसते हं मला."

बेत साधा होता. ठकीला दमा होता आणि डॉक्टरांनी हवापालट सांगितलाच होता. नवऱ्याची रजा तीन आठवड्यांची. तो कामावर परतला की ती, ठकी आणि पहाऱ्याला ठेवलेल्या सासूबाई तिथे राहणार. सासूबाई दुपारच्या झोपल्या की ठकीला घेऊन शाळा गाठायची.

तळं ठरलं आणि सगळं भराभर होत गेलं. अर्ज त्याने स्वतः भरले. पासपोर्ट नेहमीप्रमाणे त्याच्याच कपाटात कुलपाआड होते. ठकीच्या कागदांवर आईच्या सह्या लागत होत्या. तो बोट ठेवत गेला, ती सह्या करत गेली. सात झाल्या. सात काय, तिने सत्तर केल्या असत्या.

एकदा तो ठकीसाठी लोकरी कोट घेऊन आला.

"उन्हाळ्यात?" तिने विचारलं.

"स्वस्तात मिळाला. असू दे."

तिने कोट बॅगेच्या तळाशी घातला. हिवाळ्यात ठकीला काय घालायचं, हा घोर तिला होताच. तो त्यानेच मिटवला म्हणून तिला हसू आलं. त्या महिन्यात त्याचा हात एकदाही उठला नाही. जेवताना तो ठकीला हसवायचा, हिलाही वाढायचा. बिचाऱ्याला आपण फसवतोय, असं वाटून तिला दोनदा रडू आलं. मग ती करंगळी चोळायची आणि कामाला लागायची.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारीच तो म्हणाला, "ठकीला आणि बॅगा घेऊन मी आईकडे जातो. रात्री तिथेच राहू, तिची बांधाबांध व्हायचीय. उद्या चारला तिघं तुला दुकानातून घेऊ."

ठकी उड्या मारतच गेली. जाताना पापा द्यायचाही राहिला.

दुसऱ्या दिवशी ती साडेतीनलाच पर्स घेऊन तयार होती. दुकानाचे मालक थट्टेने म्हणाले, "तीन महिन्यांनी ओळख ठेवशील ना?" तिला त्यांच्याकडे बघवेना. एवढा भला माणूस, आणि त्याचा साधा निरोपही घेता येत नव्हता.

चार वाजले. सव्वाचार झाले. तिचा जीव टांगणीला लागला. अपघात झाला असेल का? ठकीला दम लागला असेल का? साडेचारला फोन वाजला.

"आई, तळं कित्ती हिरवं आहे! विमानात मला खिडकी मिळाली! आजी घाबरली, मी नाही घाबरले." ठकीला धाप लागली होती, ती आनंदाची. "उद्या बाबा माझं नाव शाळेत घालणार आहेत. तू कधी येणार?"

पलीकडे फोन हातातून काढून घेतल्याचा आवाज आला.

"वकीलबाईंना माझा नमस्कार सांग," नवरा शांतपणे म्हणाला. "म्हणावं, देश अगदी तपासून निवडलात."