पूजेआधीचं मौन

पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. महिनाभरापासून ऋजुताही सकाळी बोलेनाशी झाली, तसं मी जाऊबाईंना मिरवून सांगितलं, "लेकीनंही माझा नेम घेतला हो."

आज पूजेआधी ती तोंडावर हात धरून आली. "आई, शाळेत आज प्रार्थना मला सांगायचीय. मी नाही जाणार. दातांना तारा लावल्यापासून सकाळी तोंडाला वास येतो. म्हणून तर गप्प असते."

मी न बोलता उठले. तिला आरशासमोर उभं करून छोट्या ब्रशनं एकेक तार घासून घेतली. चूळ भरून तिनं माझ्या नाकाशी श्वास सोडला. मान हलवून भागलं असतं. पण तेरा वर्षांत पहिल्यांदा मी पूजेआधी बोलले, "काही वास नाही. खणखणीत म्हण."

आरतीच्या वेळी घरामागच्या शाळेतून माईकवर तिचा आवाज आला. हातातली घंटा थांबवून मी ऐकत राहिले.