अर्जावरचा फोटो

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा अर्ज भरायचा होता. चाळीस वर्षं तमाशात नाचलेल्या पारूबाई फोटो काढून घ्यायला आल्या त्या नऊवारी नेसून, पावडर-लाली लावून, पायांत घुंगरू बांधूनच.

"मावशी, इतकं नटलेल्या बाईला मानधन कोण देणार?" फोटोग्राफर निमिष म्हणाला. त्याने त्यांना तोंड धुवायला लावलं, गजरा काढायला लावला, घुंगरू सोडायला लावले आणि दुपारी एक वाजता कराडच्या घाटावर तापलेल्या पायरीवर बसवलं.

"आरं, झाडाखाली तरी बसीव की. ह्या उन्हात लय म्हातारी दिसंन मी."

"तेच तर पाहिजे, मावशी. हलू नका."

फोटोत सुरकुती न् सुरकुती आली. पारूबाईंनी तो एकदाच पाहिला, मग डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "चिकटव तूच. माज्यानं न्हाई व्हायचं."

दोन महिन्यांनी अर्ज नामंजूर होऊन परत आला. फोटोशेजारी लाल शाईत शेरा होता.



"फोटोवरून अर्जदार कलावंत असल्याचे दिसून येत नाही."