पंपघरातला पाना
कारखान्याचं घाण पाणी खोल बोअरमधून जमिनीच्या पोटात कोंबायचं, हे पंपवाल्याचं काम. जमीन पाणी घेईना, तसा हा इरेला पेटून दाब वाढवत गेला. घरं हादरू लागली, तेव्हा धाकटा भाऊ पंपघरात घुसला. “दादा, पाण्यानेच जमीन सरकतेय. बंद कर.” “पंपाला हात लावलास तर मोडून ठेवीन.” धाकट्याने लावला. थोरल्याने पाना हाणून त्याचं मनगट मोडलं. धाकटा विव्हळत घरी गेला. दुपारी दाबाचा काटा झपकन शून्यावर आला. “घेतलं एकदाचं पाणी,” पंपवाला हसला, आणि जमिनीने त्याला भिंतीवर आपटलं. धावत घरी पोचला, तर अंगण फाटून कारखान्याचंच काळं पाणी उसळत होतं. पडलेल्या तुळईखाली शाबूत हात घालून धाकटा जोर करत होता. “खाली आई आहे, दादा,” तो म्हणाला. “पाणी चढतंय. एका हाताने नाही उचलवत.”