भिंतीतली बाई

“अगं हेमांगी, लॅपटॉपचा आवाज गेलाय,” दिगंबर म्हणाला. लॅपटॉपवरची लिनक्स प्रणाली तीच सांभाळायची. तिने साउंड सेटिंग उघडलं. आवाज गेला नव्हता, हेडफोनवर अडकला होता. म्हणजे हे चोरून काहीतरी ऐकत होते! मागे ॲपही उघडंच होतं, भिंतीत मुरलेले जुने आवाज उकरून काढणारं.

“कोणाला ऐकत होतात?”

“राहू दे ना...”

तिने स्पीकर निवडला. स्वयंपाकघराच्या भिंतीतली कुणी बाई खळखळून हसली, “अहो, सोडा, पोळी करपतेय!”

“कोण ही सटवी?”

“तारीख बघ की,” तो हळूच म्हणाला.

बावीस वर्षांपूर्वीची. त्यांच्या लग्नाचं पहिलं वर्ष.

हेमांगीने आपलंच ते हसू पुन्हा एकदा लावलं.

“तरी मेली हसते किती!” ती फणकारली आणि तिने आवाज वाढवला.