चार बर्नरची बोट

आमच्या लहान बोटीवर शेगडीच नव्हती. म्हणून सुट्टीतले ते आठ दिवस मी पाव-केळी खात, पाय पाण्यात सोडून, निव्वळ माणूस म्हणून जगत असे.

कुणीतरी वापरलेली मोठी बोट पाहायला गेलो, तेव्हा नवरा हरखून म्हणाला, “अगं, चार बर्नरची शेगडी, फ्रीज, ओव्हन! तुझ्यासाठीच घेतोय ही. आता आई-बाबा, दादा-वहिनी, सगळ्यांनाच नेऊ!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओठ मात्र सवयीने मिटलेलेच राहिले.

बोट विकणारी बाई शेगडीमागचे तेलकट डाग खरवडत होती. नवरा इंजिन पाहायला गेला, तशी ती मान वर न करताच म्हणाली,



“आत्ताच बोला. मी सहा उन्हाळे गप्प राहिले.”