बशीतली गोळी

चहाची बशी पुढे सरकवत सुंद्राबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही बोलायच्या आधी माझं ऐका. त्यांच्या गोळ्या मी खाल्ल्यात."

मृण्मयी बघतच राहिली. नव्या औषधाच्या चाचणीत कोणी किती गोळ्या घेतल्या, याचा हिशेब ठेवणं तिचं काम. सुंद्राबाईंचे हिंदुराव म्हणजे तिचे सगळ्यात शहाणे रुग्ण. दर भेटीला पाकीट रिकामं करून आणायचे.

"माग चालवून दोघांच्याही छातीत कापूस बसलेला. तुम्ही त्यांना घेतलंत, मला वजन कमी म्हणून परत पाठवलंत. मग रोज सकाळी ते आपली गोळी माझ्या बशीत ठेवायचे आणि मी गिळेपर्यंत समोरून हलायचे नाहीत. मी राहिले, ते गेले. मीच खाल्लं त्यांना."

चाचणी संपली की कोणाला खरं औषध होतं आणि कोणाला नुसती भुकटी, हे घरच्यांना सांगायचं असतं. मृण्मयी इचलकरंजीला आली होती ती त्यासाठीच. आता खरं सांगितलं तर बाईंच्या मनावरचं ओझं उतरणार होतं, पण नवऱ्यानं दिलेलंही जाणार होतं.

"मावशी, त्यांच्या गोळ्यांत औषध नव्हतंच. त्या घेऊन त्यांना काही फरक पडला नसता."

सुंद्राबाईंनी बशी जवळ ओढली.

"त्यांना ठाऊक नव्हतं ना?"

"आम्हालाही नव्हतं."

"मग बरंय." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "उभ्या जन्मात मला एक लुगडं स्वतःहून घेतलं नाही माणसानं. एकदाच हात सैल सोडला, तर त्यातही काही नव्हतं. आणि जाताना ऐट बघायची होती त्यांची."